ऑफिसच्या मशीनवर नको ते प्रोग्राम चालूच होऊ नयेत यासाठी काय करता? (इंदूर, लहान ऑफिस, सर्व्हर नाही)

रामबागकर
मंडळी, जेल रोडच्या मागे आमचं टॅक्स-अकाउंटिंगचं ऑफिस आहे. सहा मशीन, चारांवर विंडोज ११ प्रो, दोनांवर होम. टॅली, जीएसटी, टीडीएस, इन्कम टॅक्स, एवढंच काम. सर्व्हर नाही, आयटीचा माणूस नाही, जे काय ते मीच बघतो.

अँटिव्हायरस आहे, अपडेटही होतो. तरी काही ना काही उगवतंच. कधी ‘ड्रायव्हर अपडेटर’, कधी पीडीएफ जोडून देणारं भलतंच काही, कधी ब्राउझरचं होमपेजच बदललेलं. आता तर ऑफिसातल्या एका मुलाने फोनवर कोणी सांगितलं म्हणून स्क्रीन शेअरिंगचं ॲप उतरवून चालू केलं. वेळेत दिसलं म्हणून बरं. क्लायंटांचे पॅन, बँक स्टेटमेंट, डिजिटल सहीचे टोकन, सगळं याच मशीनांवर आहे.

मुलं वाईट नाहीत, त्यांना काम उरकायचं असतं. ‘पीडीएफ लहान करून द्या’ असं पोर्टल म्हणालं की ती गूगलवर पहिलं सापडेल ते उतरवतात. रोज ओरडण्यात अर्थ नाही. प्रोग्राम चालूच होणार नाही अशी सोय हवी. कोणी केली आहे का?

सियागंज
सोपं आहे भिया. विंडोजचे नियम ठरवायला जीपीएडिट (gpedit) असतं. ते उघडा, युझर कॉन्फिगरेशन, ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, सिस्टम. तिथे ‘डोन्ट रन स्पेसिफाइड विंडोज ॲप्लिकेशन्स’ आहे. जी नकोत त्यांची नावं टाका, संपलं. आमच्या दुकानात असंच आहे.

लॉगबुक
सियागंज, ती पॉलिसी फक्त फाईलचं नाव बघते. नाव बदललं की तोच प्रोग्राम चालतो. शिवाय ती एक्सप्लोररमधून उघडलेल्या प्रोग्रामनाच लागू होते, कमांड प्रॉम्प्टमधून तोच प्रोग्राम बिनदिक्कत सुरू होतो. दुकानात पोरांनी गेम लावू नये एवढ्यापुरती ठीक. रामबागकरांच्या कामाची नाही.

मुळात नको त्यांची यादी करणं हाच उलटा उद्योग आहे. नको ते रोज नवीन जन्माला येतं. हवे ते प्रोग्राम मात्र तुमच्याकडे वीस-पंचवीसच्या पुढे नसतील. यादी त्यांची करायची, बाकी सगळं बंद.

विंडोजमध्ये यासाठी ॲपलॉकर आहे, विंडोज ७ पासून, म्हणजे २००९ पासून. पूर्वी तो एंटरप्राइझ वगैरे महागड्या आवृत्त्यांवरच लागू व्हायचा, म्हणून लहान ऑफिसांनी नादच सोडला होता. विंडोज १० च्या ‘२००४’ क्रमांकाच्या आवृत्तीपासून (हे साल नव्हे) पुढे, केबी५०२४३५१ हा अपडेट असेल तर, ती अट मायक्रोसॉफ्टने काढून टाकली आहे. प्रोवर आरामात चालतो. हे पुष्कळांना अजून माहीत नाही.

त्याच्या तयार नियमांचा अर्थ एका ओळीत: विंडोज फोल्डर आणि प्रोग्राम फाईल्स फोल्डर यांतलं काहीही कोणीही चालवावं, बाकी कुठूनही काहीही चालणार नाही, ॲडमिनिस्ट्रेटरला सगळी मोकळीक. यात खुबी अशी की साध्या युझरला त्या दोन फोल्डरांत फाईल ठेवायची परवानगीच नसते. तो उतरवणार डाउनलोड्समध्ये, डेस्कटॉपवर, नाहीतर पेन ड्राईव्हवरून आणणार. तिथून चालणार नाही. झिपच्या आतून डबल क्लिक केलं तर विंडोज ते टेम्प फोल्डरमध्ये काढून चालवतं, तेही अडतं. तुमचं ते स्क्रीन शेअरिंगचं ॲपही. असली बरीच ॲप्स इन्स्टॉल न करता थेट डाउनलोड्समधून चालतात, त्यातच त्यांची सगळी सोय असते.

पण हे सगळं एका गोष्टीवर उभं आहे. मुलं रोज कुठल्या खात्यातून काम करतात?

रामबागकर
सगळी ॲडमिन खाती आहेत. मशीन घेतली तेव्हा दुकानदाराने जशी दिली तशीच.

लॉगबुक
मग आधी ते. प्रत्येक मशीनवर एक वेगळं ॲडमिन खातं करा, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. मुलांची खाती ‘स्टँडर्ड’ करा. सेटिंग्ज, अकाउंट्स, अदर युझर्स, चेंज अकाउंट टाइप. खाती बदलल्याने त्यांचा डेस्कटॉप, फायली काही जात नाही.

ॲडमिन खात्यावर ॲपलॉकर लावला तर डबल क्लिकला अडवेल, पण उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ म्हटलं की सोडेल. मुलांना हे दुसऱ्या दिवशी कळतं.

आणि दुकानदाराने मशीन ‘सगळं टाकून’ दिलं असेल तर डिफेंडर, म्हणजे विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस, त्यातल्या एक्सक्लूजन्स (जे तपासायचं नाही त्याची यादी) एकदा उघडून बघा. विंडोज किंवा ऑफिस फुकटात ‘ॲक्टिव्हेट’ करणारी जी हत्यारं असतात ती डिफेंडरला दिसू नयेत म्हणून टाकणारा अख्खा फोल्डर सूट देऊन ठेवतो, कधी अख्खा सी ड्राईव्ह. त्या सवलतीतून पुढे कोण आत येईल त्याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

मिंटवाला
लिनक्स टाका. प्रश्न मिटला.

सियागंज
टॅली तू येऊन चालवून देणार का?

बडोदेकर
वडोदऱ्याहून लिहितोय, रावपुऱ्यात सीए ऑफिस आहे. गेल्या वर्षी हेच केलं, त्यामुळे लॉगबुक यांनी सांगितलेल्यात थोडी भर. सिद्धांत एका पानात मावतो, खरं काम अपवादांत आहे.

सगळ्यात आधी: नियम टाकल्यावर लगेच ‘एन्फोर्स’ करू नका. ‘ऑडिट ओन्ली’ ठेवा. यात अडत काहीच नाही, फक्त ‘हे अडलं असतं’ अशी नोंद होते. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन्स अँड सर्व्हिसेस लॉग्ज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, ॲपलॉकर. ८००३ म्हणजे अडलं असतं, ८००४ म्हणजे खरंच अडवलं. तुमच्याकडे जीएसटीआर-३बीची २० तारीख, टीडीएसचं तिमाही रिटर्न, हे सगळं एकदा होऊन जाऊ द्या. वर्षातून चारदाच लागणारी युटिलिटी ऑडिटच्या पहिल्या आठवड्यात दिसणारच नाही, आणि नेमकी शेवटच्या तारखेला अडेल.

दुसरं: ॲप्लिकेशन आयडेंटिटी नावाची सर्व्हिस चालू नसेल तर ॲपलॉकर नुसता शोभेचा. सर्व्हिसेसच्या खिडकीतून ती ‘ऑटोमॅटिक’ करायला गेलात तर विंडोज १० पासून पुढे होत नाही, ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमधून एससी कॉन्फिग कमांडने करावी लागते. पुष्कळ लोक इथेच ‘हे चालत नाही’ म्हणून सोडून देतात.

तिसरं: ईएक्सईचे (साध्या प्रोग्राम फायलींचे) नियम लावलेत आणि ‘पॅकेज्ड ॲप’चे लावलेच नाहीत, तर स्टोअरची सगळी ॲप्स बंद. कॅल्क्युलेटर, फोटो, आणि स्टार्ट मेन्यूही रुसतो. त्या भागावरही उजवं क्लिक करून डिफॉल्ट रूल्स तयार करून घ्या.

आता अपवाद. आमच्याकडे जुनी टॅली डी ड्राईव्हवर होती. प्रोग्राम फाईल्सच्या बाहेर, म्हणून ऑडिटमध्ये पहिल्याच दिवशी लाल. तिथे आमच्या मुलांना लिहायचीही परवानगी होती, कारण डेटा त्याच फोल्डरात. ‘डी ड्राईव्हवरच्या टॅली फोल्डरला परवानगी’ असा नियम केला असता तर त्या फोल्डरात कोणी काहीही टाकून चालवलं असतं. म्हणून टॅलीप्राइम नीट प्रोग्राम फाईल्समध्ये घेतली आणि डेटा वेगळा ठेवला. ज्यांना हलवणं शक्य नाही त्यांनी ईएक्सईच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘डिजिटल सिग्नेचर्स’ टॅब दिसतो का बघावं. दिसला तर पब्लिशरचा नियम करावा. फाईल कुठेही असो, अपडेट होवो, सही त्याच कंपनीची असेपर्यंत चालते.

टीडीएसचं रिटर्न भरायची युटिलिटी हा दुसरा त्रास. ती झिपमधून काढून बॅच फाईलने चालवायची, आत जावा. बॅच फाईल म्हणजे स्क्रिप्टच्या नियमात अडणार. तिच्यापुरता हॅशचा नियम केला. नवी आवृत्ती आली की हॅश बदलतो, पुन्हा करावा लागतो. चालायचंच.

नारायणबाग_ताई
बडोदेकर, हॅश आणि पब्लिशर यांत फरक काय ते जरा आमच्यासारख्यांना समजेल असं सांगाल का? मी घरीच क्लासेस घेते, चार लॅपटॉप आहेत.

बडोदेकर
ताई, तीन प्रकारे ओळख पटवता येते. पाथ म्हणजे फाईल कुठे ठेवली आहे. पब्लिशर म्हणजे तिच्यावर कोणत्या कंपनीची डिजिटल सही आहे. हॅश म्हणजे नेमकी तीच फाईल, अंगठ्याच्या ठशासारखी. एक अक्षर बदललं की ठसा जुळत नाही. सही असेल तर पब्लिशर घ्या, नसेल तर हॅश. पाथ फक्त तिथे, जिथे साध्या युझरला लिहिता येत नाही.

लॉगबुक
बडोदेकर यांनी जावाचं म्हटलं म्हणून एक खबरदारी. ॲपलॉकर जार फायली, म्हणजे जावात चालणारे प्रोग्राम, तपासत नाही. जावाला एकदा परवानगी दिली की जावातून कुठलीही जार फाईल चालते. टीडीएससाठी ज्या मशीनवर जावा लागते तिथेच ठेवा, बाकी मशीनांवरून काढून टाका.

आणि क्रोम. साध्या युझरने ॲडमिन पासवर्ड न देता क्रोम टाकायला घेतलं तर ते त्याच्या स्वतःच्या ॲपडेटा फोल्डरात बसतं. झूमही तसंच बसू शकतं, वनड्राईव्ह तर सहसा तिथेच असतं. नियम लागू केले की ‘वनड्राईव्ह सिंक बंद पडलं’ अशी ओरड होते. ॲपडेटाला मोकळीक देऊन सुटका करून घेऊ नका, रॅन्समवेअरचाही तोच आवडता फोल्डर. क्रोम आणि झूम सगळ्यांसाठी असलेल्या एमएसआय फाईलमधून ॲडमिनने बसवा, वनड्राईव्हला मायक्रोसॉफ्टच्या सहीचा नियम द्या.

काळा_पडदा
माफ करा, पण एवढा खटाटोप करून उपयोग किती? आज हल्ले करणारे विंडोजचीच हत्यारं वापरतात. कमांड आणि स्क्रिप्ट चालवणारं पॉवरशेल विंडोज फोल्डरात आहे, तसलंच एमएसएचटीए (mshta) विंडोज फोल्डरात आहे. तुमचे नियम त्यांना हात लावत नाहीत. विंडोजच्या आत टास्क्स, टेम्प असे फोल्डर आहेत जिथे साधा युझरही लिहू शकतो. खुद्द मायक्रोसॉफ्ट म्हणतं की ॲपलॉकर हा संरक्षणाचा एक जादा थर आहे, भक्कम भिंत नाही. त्यांची शिफारस ॲप कंट्रोल फॉर बिझनेसची आहे, ज्याला आधी डब्ल्यूडीएसी म्हणत.

लॉगबुक
तुमची हरकत बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

विंडोज फोल्डरातल्या त्या लिहिता येणाऱ्या जागा डिफॉल्ट नियमात ‘एक्सेप्शन’ म्हणून काढून टाकता येतात, टाकायलाच हव्यात. एमएसएचटीए रामबागकरांच्या ऑफिसात कोणाला लागतं? स्टँडर्ड युझरसाठी त्याला डिनाय द्या. स्क्रिप्टचे नियम लागू केले की पॉवरशेल आपोआप मर्यादित भाषेच्या मोडमध्ये जातं, तिथे बरेच डाव चालत नाहीत.

ॲप कंट्रोल जास्त पक्कं आहे हे कबूल. पण एक्सएमएल पॉलिसी घडवायची, चुकली तर मशीन उठत नाही, आणि ते ॲडमिनलाही अडवतं. सहा मशीनांच्या ऑफिसात एकट्या माणसाने ते सांभाळावं असं मी सांगणार नाही. ऑस्ट्रेलियाच्या सरकारी सायबर सुरक्षा विभागाने २०१७ मध्ये आठ मूलभूत उपायांचा जो संच काढला त्यात ॲप्लिकेशन कंट्रोल आहे, आणि तिथेही पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर अपेक्षा एवढीच की युझरच्या प्रोफाइलमधून आणि टेम्प फोल्डरांतून काही चालू नये. आपण तेच करतोय.

रामबागकरांवर कोणी खास टपून बसलेला नाही. त्यांचा शत्रू म्हणजे डाउनलोड्समधली फाईल आणि फोनवरचा गोड आवाज.

काळा_पडदा
गोड आवाजावरून आठवलं. दुसऱ्याला आपली स्क्रीन देणारं क्विक असिस्ट विंडोजमध्ये आधीपासूनच असतं. स्क्रीन ताब्यात घेण्यासाठी ठग त्याचा वापर करतात असा इशारा मायक्रोसॉफ्टनेच मे २०२४ मध्ये दिला होता. त्याला तुमचा पाथचा नियम लागणार नाही, ते अधिकृत आहे.

लॉगबुक
हे उत्तम काढलंत. ज्यांना लागत नाही त्यांनी अनइन्स्टॉल करावं. किंवा पॅकेज्ड ॲपच्या नियमात तेवढ्यावर डिनाय.

सियागंज
माझ्या मामांचे पैसे याच प्रकाराने गेले होते, रिमोट ॲप टाकायला लावून. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये यावर सावध केलं होतं, पण मामा रिझर्व्ह बँकेची पत्रकं वाचत नाहीत. कोणाचं झालंच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तासाभरात केला तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता राहते, नंतर ते चार खाती फिरून गायब.

बाय द वे, जीपीएडिटचं नावाचं मान्य. मी आमच्याकडे गेमचं नाव बदलून बघितलं, चालला.

ग्वाल्हेरकर
लष्करमध्ये शाळेत लॅब सांभाळतो. पेन ड्राईव्हवरचे गेम आणि शॉर्टकटचा व्हायरस हा आमचा रोजचा नाश्ता होता. स्टँडर्ड खाती आणि डिफॉल्ट नियम, एवढ्यानेच दोन्ही बंद झाले. पोरं आता ब्राउझरमध्ये गेम खेळतात, पण तो वेगळा विषय आणि तो शिस्तीच्या सरांकडे.

ब्राउझरचं सांगायचं राहिलं कोणाकडून तरी. एक्सटेंशनना ॲपलॉकर लागत नाही. रामबागकरांचं होमपेज बदलतंय ते बहुतेक त्यातूनच. क्रोम आणि एज दोघांनाही पॉलिसी आहे: सगळी एक्सटेंशन्स ब्लॉक, आणि पाहिजे ती तेवढी परवानगीच्या यादीत. नोटिफिकेशन मागायचं पण पॉलिसीने बंद करून टाका. ‘तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे’ म्हणून कोपऱ्यात जे येतं ते पुष्कळदा कोणीतरी कधीतरी ‘अलाउ’ दाबल्याचा प्रसाद असतो.

रामबागकर
खूप आभार सगळ्यांचे. खाती स्टँडर्ड केली. चार मशीनांवर ऑडिट लावलं आहे. होम आवृत्तीवाल्या दोनांचं काय करू? ॲपलॉकर जिथून लावला ती लोकल सिक्युरिटी पॉलिसी तिथे उघडतच नाही.

बडोदेकर
होममध्ये तो एडिटर येतच नाही. माझं मत: क्लायंटांचा डेटा असेल तर प्रो घेऊन टाका. तोवर स्टँडर्ड खातं आहेच. सेटिंग्ज, ॲप्स, ॲडव्हान्स्ड ॲप सेटिंग्जमध्ये ‘फक्त मायक्रोसॉफ्ट स्टोअर’ निवडता येतं, इंटरनेटवरून उतरवलेले इन्स्टॉलर त्याने अडतात. विंडोज सिक्युरिटीमध्ये ‘रेप्युटेशन बेस्ड प्रोटेक्शन’ उघडून त्यातलं ‘पोटेंशियली अनवाँटेड ॲप’ चालू आहे का बघा. तुमचे ड्रायव्हर अपडेटर त्याच जातीतले.

नारायणबाग_ताई
आणि ते स्मार्ट ॲप कंट्रोल? माझ्या नव्या लॅपटॉपवर दिसतंय.

लॉगबुक
ताई, तुमच्या क्लासच्या लॅपटॉपांना ते छान. २०२२ मध्ये विंडोज ११ च्या २२एच२ बरोबर आलं. मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडला ओळखीचं वाटलं किंवा विश्वासाची सही असली तरच प्रोग्राम चालतो. पण एखाद्याच प्रोग्रामला सूट द्यायची सोय त्यात नाही. अकाउंटिंगवाल्यांच्या निम्म्या युटिलिटींवर सहीच नसते, म्हणून रामबागकरांना सुचवलं नाही.

नारायणबाग_ताई
चालू ठेवते मग. आणि मोबाइलवर ‘चलान’ नावाची एपीके फाईल येते तिचं?

ग्वाल्हेरकर
ती उघडायचीच नाही ताई. सेटिंग्जमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲपसमोरची परवानगी बंद करा. बाकी मोबाइलचं वेगळ्या धाग्यात बोलू, इथे गर्दी झाली.

रामबागकर
ऑडिटच्या नोंदी बघतोय. बहुतेक सगळं तुम्ही सांगितलं तेच, वनड्राईव्ह, टीडीएस, एकाच्या मशीनवर क्रोम ॲपडेटातून. एक अडलं आहे. डिजिटल सहीच्या टोकनची युटिलिटी टेम्पमध्ये काहीतरी काढून चालवते, आणि त्या फाईलचं नाव दर वेळी वेगळं.

दुसरा प्रश्न नाजूक आहे. आमचे थोरले बंधू भागीदार आहेत. ते म्हणतात, ‘माझं मशीन यातून वगळ, मी मालक आहे.’

लॉगबुक
टोकनच्या त्या फाईलवर सही आहे का बघा. नोंदीच्या तपशिलात पब्लिशरचं नाव दिसतं. असेल तर पब्लिशरचा नियम, आणि त्यात फाईलच्या नावाच्या जागी तारा (*) ठेवा. नाव बदलत राहिलं तरी चालेल. सही नसेल तर विक्रेत्याकडे सगळ्यांसाठी बसणारा इन्स्टॉलर मागा. टेम्पला मोकळं सोडू नका.

बंधूंचं तुम्ही बघा.

बडोदेकर
आमच्याकडेही मालकच अडले होते. त्यांना दुसरं खातं ॲडमिनचं दिलं, पासवर्ड त्यांच्याच हातात. रोजचं खातं स्टँडर्ड, नियम सगळ्यांना तेच. काही टाकायचं असेल तेव्हा पासवर्ड स्वतः टाकतात. मालकीही राहिली. बंधूंना विचारून बघा.

रामबागकर
विचारलं. म्हणाले पासवर्ड छोटा ठेव.